‘दोन नंबरची’ टीम म्हणजे नक्की काय हो?

मागच्या अंकात बोलता बोलता एक ओळ लिहून गेलो होतो, की मोरजी-हरमलला डिसेंबरात जे रशियन दिसतात त्यांच्यातले फुटबॉलवाले बिचारे उपाशीच असतात, कारण तिकडे बर्फामुळे लीग डिसेंबरात बंद पडते ती थेट फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चला सुरू होते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक सगळी एकाच विषयाकडे वळली, क्लबांच्या राखीव म्हणजे रिझर्व्ह टीमकडे, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. एफसी गोवाच्या पुढच्या मॅचचं भविष्य विचारणाऱ्यांनी राग मानू नये, ते मला तसंही कळत नाही.

प्रश्न (मोरजी): आमचं पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. गेल्या सीझनला एक वयस्कर रशियन पाहुणा महिनाभर राहिला, जाताना माझ्या मुलाला लाल-पांढरा मफलर देऊन गेला. मोबाईलवर भाषांतर करत करत तो सांगत होता की तो मॉस्कोत ‘स्पार्टाक द्वा’च्या मॅच बघायला जायचा, मोठ्या स्पार्टाकच्या नाही, आणि ती टीम बंद केली म्हणून सांगितलं आणि मग गप्पच झाला. स्पार्टाक माहीत आहे, हे ‘द्वा’ काय आहे? आणि टीम बंद कशी करतात, दुकान आहे का?

उत्तर: द्वा म्हणजे दोन. आपल्या संस्कृतातला ‘द्वि’ आणि त्यांचा ‘द्वा’ एकाच घरचे, म्हणून ऐकल्यावर ओळखीचा वाटतो. तर स्पार्टाक-२. आपल्याकडे ‘दोन नंबरचं’ म्हटलं की लगेच दारूची गाडी आणि चेकपोस्ट आठवतो, पण इथे तसं काही नाही, ही स्पार्टाक या मॉस्कोच्या क्लबची रिझर्व्ह टीम, जी मेन टीमच्या सावलीत पण वेगळ्या लीगमध्ये खेळायची.

आता गोष्ट जरा मागून सांगतो, कारण २ हा आकडा नंतर आला, आधी एक अक्षर होतं. सोव्हिएत काळात वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबाची एक राखीव टीम असायची, तिला ते ‘दुब्ल’ म्हणायचे, म्हणजे आपला डबल. मोठ्या टीमचं जे टाइमटेबल तेच दुब्लचं, फक्त यांची मॅच साधारण एक दिवस आधी. म्हणजे शनिवारी स्पार्टाक आणि मॉस्कोच्याच डायनॅमो क्लबची मॅच असली तर शुक्रवारी दोघांचे दुब्ल एकमेकांशी खेळून मोकळे. वेगळी लीग, वेगळं पॉइंट्स टेबल, आणि बघायला येणारे म्हणजे पेन्शनर, शाळा चुकवून आलेली पोरं आणि स्वतःला फार कळतं असं समजणारे लोक. असे लोक आपल्याकडे मडगावलाही पुष्कळ आहेत, मी त्यातलाच.

या दुब्लमध्ये खेळणाऱ्याला म्हणायचे ‘दुब्ल्योर’. हा शब्द फक्त फुटबॉलचा नाही हे मला फार आवडतं. सिनेमात हिरोच्या जागी उडी मारणारा तोही दुब्ल्योर, आणि अंतराळवीराच्या जागी तयार ठेवलेला तोही. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन वर गेला तेव्हा खाली तयार बसलेला दुब्ल्योर होता गेरमान तितोव, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो स्वतः पृथ्वीभोवती फिरून आला, वय फक्त २५. आपले राकेश शर्मा १९८४ ला गेले तेव्हा त्यांच्यामागे रवीश मल्होत्रा तसेच तयार होते, सगळं ट्रेनिंग सारखंच, पण त्यांचा नंबर काही लागला नाही. रिझर्व्हमधल्या पोरांचं आयुष्य असंच असतं बघा, कुणी तितोव होतो, कुणी मल्होत्रा.

१९९१ ला सोव्हिएत युनियन मोडलं आणि १९९२ पासून रशियाची स्वतःची लीग सुरू झाली. तेव्हा या राखीव टीमचं करायचं काय असा प्रश्न आला, तर त्यांना खालच्या लीगमध्ये, खऱ्या टीमबरोबर खेळायला सोडलं, आणि नाव काय तर ‘स्पार्टाक-द’. तो द म्हणजे दुब्लचा द. १९९४ ते १९९७ या काळात तर थर्ड लीग नावाचा चौथा मजला होता (नाव तिसरं आणि मजला चौथा, सरकारी हिशोब तिकडेही असतो), तिथे मोठ्या क्लबांच्या या ‘द’वाल्या टीम छोट्या छोट्या गावातल्या टीमबरोबर खेळायच्या. १९९८ ला अक्षर जाऊन आकडा आला, स्पार्टाक-२.

मग २००१ ला परत जुन्या पद्धतीवर आले, राखीव टीमची आपापसातली वेगळी स्पर्धा. २००८ ला तिच्या जागी तरुणांची स्पर्धा आली, म्हणजे मुख्यतः २१ वर्षांखालचे. आणि मग बऱ्याच क्लबांना वाटायला लागलं की पोरं पोरांशीच खेळून काही शिकत नाहीत, त्यांना तीस वर्षांच्या, गुडघे गेलेल्या पण लाथ कशी मारायची ते पक्कं माहीत असलेल्या डिफेंडरसमोर उभं करायला पाहिजे. २०१३ ला स्पार्टाक-२ परत उभी राहिली, तिसऱ्या श्रेणीत. तुमच्या पाहुण्याची टीम ती हीच.

आणि ही पोरं चालली की हो. येव्गेनी बुशमानोव कोच होता, स्वतः जुना डिफेंडर, आणि २०१५ ला टीम वरच्या, म्हणजे देशातल्या दुसऱ्या श्रेणीत गेली. सेंट पीटर्सबर्गच्या झेनितची दुसरी टीमही त्याच वर्षी वर आली. आता दुसरी श्रेणी म्हणजे गंमत नाही. रशियाचा नकाशा काढून बघा, त्या लीगमध्ये व्लादिवोस्तोक होतं, खाबारोव्स्क होतं. मॉस्को ते व्लादिवोस्तोक रेल्वेने ९,२८८ किलोमीटर, घड्याळात ७ तासांचा फरक. आपल्या गोवा प्रो लीगमधल्या टीमला पेडण्याहून काणकोणला जायचं म्हटलं की बसमध्ये कुरकुर सुरू होते, ते अंतर शंभरेक किलोमीटर. ही १८-१९ वर्षांची पोरं अख्खा खंड ओलांडून जायची, तिकडे चिखलात नव्वद मिनिटं मार खायची आणि परत यायची, आणि टीव्हीवर त्यांना कोण बघत होतं देव जाणे.

बंद केली २०२२ ला. मे महिन्यात मोठ्या स्पार्टाकने डायनॅमोला २-१ हरवून रशियन कप घेतला, आणि त्या सीझननंतर दुसऱ्या टीमला टाळं. तर होय पात्रांव, दुकानासारखीच बंद करतात, फरक एवढाच की दुकानाचं शटर पडलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं, इथे ते मोरजीला येऊन गप्प बसतं. मफलर धुताना गार पाण्यात धुवा, लाल रंग पांढऱ्यात उतरतो.

प्रश्न (म्हापसा): रिझर्व्ह टीम समजा त्या दुसऱ्या श्रेणीत पहिली आली तर? मग दोन्ही स्पार्टाक एकाच लीगमध्ये? एकमेकांना मुद्दाम पॉइंट देतील की!

उत्तर: तुमच्या डोक्यात जे आलं तेच नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं. मेन टीम ज्या लीगमध्ये आहे तिथे दुसरी टीम जाऊच शकत नाही. पहिली आली तरी टाळ्या वाजवायच्या आणि तिथेच राहायचं, बढती तिच्यामागून आलेल्या टीमला. म्हणून रिझर्व्ह टीम कितवी आली यावरून तिला जोखण्यात काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे, ती वर किती पोरं देते ते बघा, बस.

आपल्याकडे हे तंतोतंत झालंय. २०१७-१८ ला आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या रिझर्व्ह टीम घेतल्या, पण बढती ठरवणाऱ्या शेवटच्या राऊंडला त्यांना प्रवेश नाही. राज्याच्या लीगला मात्र अशी अडचण नसते, म्हणून एफसी गोवाच्या पोरांनी २०१८-१९ ला गोवा प्रो लीग चक्क जिंकली, आणि आपल्या काही जुन्या क्लबांचे समर्थक अजून ते विसरले नाहीयेत.

स्पेनची गोष्ट तर अशी की सांगितली तर गावगप्पा वाटेल. १९८० ला तिथल्या कपच्या फायनलला रियाल माद्रिद आणि समोर रियाल माद्रिदचीच रिझर्व्ह टीम. घरातलीच फायनल. थोरल्यांनी ६-१ ने मारलं.

पण रशियाची खरी गंमत २०१६ ची. डायनॅमो मॉस्को, जो क्लब तोवर वरच्या श्रेणीतून कधी म्हणजे कधीच खाली आला नव्हता, तो त्या वर्षी घसरला. आणि खाली आल्यावर समोर कोण? स्पार्टाक-२. जन्माचे वैरी, आणि तेही थोरले नाहीत, त्यांची पोरं! आपल्याकडे कसं, एखाद्या भाटकाराला (जमीनदाराला) वेळ वाईट आल्यावर शेजारच्या भाटकाराच्या गड्याबरोबर एकाच बाकावर बसून पेज जेवायला लागावं, तसं. डायनॅमोने एका वर्षात लीग जिंकून वर पळ काढला, पण त्या सीझनला स्पार्टाकवाल्यांनी किती चेष्टा केली असेल याची कल्पना आपली आपण करा.

प्रश्न (फोंडा): मी कॉलेजला आहे, गोली (गोलकीपर) म्हणून खेळते. आमच्या टीममध्ये मी दोन वर्षं राखीवच आहे. रिझर्व्हमधून कुणी खरंच मोठं होतं का, की हे सगळं आम्हाला गप्प बसवायला सांगतात?

उत्तर: बाय, तू गोली आहेस म्हणून तुझ्यासाठी उदाहरण शोधावंच लागलं नाही. लेव याशिन. नाव ऐकलंच असशील, ‘काळा कोळी’. जन्म १९२९ चा, लढाईच्या दिवसांत पोरवयात कारखान्यात काम केलेला, आणि १९४९ ला डायनॅमो मॉस्कोत आला. पण तिथे गोलमध्ये उभा होता अलेक्सेई खोमिच, ज्याला लोक टायगर म्हणायचे, १९४५ ला डायनॅमोची टीम ब्रिटनला जाऊन चेल्सीशी ३-३, आर्सेनलला ४-३ आणि कार्डिफला १०-१ करून आली होती तेव्हाचा गोली. आता एवढा माणूस समोर असल्यावर नवख्याला कोण विचारतो.

बरं, याशिनला संधी मिळाली नाही असंही नाही, मिळाली आणि त्याने ती घालवली, ही जास्त महत्त्वाची गोष्ट. एका सराव सामन्यात स्टालिनग्राडच्या टीमच्या गोलीने आपल्या टोकावरून लांब बॉल मारला, तो वाऱ्यावर येत येत इकडे आला, याशिन पुढे धावला, नजर बॉलवर, आपल्याच डिफेंडरवर आपटला आणि बॉल टप्पा घेऊन आत. समोरच्या गोलीकडून गोल खाल्ला! सिनियर लोक हसून हसून लोळले. मग १९५० ला लीगमध्ये खोमिच जखमी झाला म्हणून याला उतरवला, तेही स्पार्टाकविरुद्ध, १-० पुढे असताना. तिथेही आपल्याच माणसावर आपटला आणि मॅच १-१. झालं, रवानगी रिझर्व्हमध्ये.

किती दिवस? जवळजवळ तीन वर्षं. तू दोन म्हणतेस.

आणि त्या तीन वर्षांत तो रुसून बसला नाही, तो आइस हॉकी खेळायला लागला, तिथेही गोली. १९५३ ला डायनॅमोबरोबर हॉकीचा सोव्हिएत कपही जिंकला. हॉकीचा तो चपटा काळा पक आणि त्याचा वेग, त्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला फुटबॉल म्हणजे पाववाल्या पोदेराच्या सायकलीएवढा हळू वाटत असणार, हा माझा अंदाज. त्याच वर्षी तो फुटबॉलच्या मेन टीममध्ये परत आला, आणि मग हललाच नाही. १९५६ ला ऑलिंपिक सोनं, १९६० ला युरोपचा कप, डायनॅमोसाठी पाच वेळा लीग, आणि १९६३ ला बॅलन डी’ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, जे आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही गोलीला मिळालेलं नाही. आणि तो टायगर खोमिच, तो नंतर स्पोर्ट्स फोटोग्राफर झाला, कॅमेरा घेऊन गोलपोस्टच्या मागे बसायचा. म्हणजे शेवटी जागा तीच, फक्त जाळीच्या पलीकडची.

एक मात्र खरं सांगतो, खोटं कशाला बोलू. एका याशिनमागे त्याच दुब्लमध्ये कितीतरी जण असतील ज्यांचं नाव आज कुणालाही येत नाही. म्हणून ‘वाट बघ, होईल’ असं मी तुला म्हणणार नाही. वाट बघताना तू काय खेळतेस ते महत्त्वाचं, हॉकी नसेल तर हँडबॉल खेळ, आपल्या शाळा-कॉलेजांत हँडबॉल आहे, गोलीच्या हातापायांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न (डिचोली): स्पार्टाक-२ मधून नंतर कोण मोठा खेळाडू झाला? एकच नाव सांगा, लेक्चर नको.

उत्तर: इल्या कुतेपोव, डिफेंडर. स्पार्टाक-२ मधून वर आला, २०१६-१७ ला स्पार्टाक सोळा वर्षांनी चॅम्पियन झाली त्या टीममध्ये नेहमीचा, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला रशियासाठी खेळला, स्पेनला पेनल्टीवर घरी पाठवलं त्या मॅचलाही मागे तोच उभा.

एकच म्हणालात, पण दुसरं राहवत नाही. ‘द’च्या काळातला येगोर तितोव. होय, अंतराळातल्या दुब्ल्योरचंच आडनाव, नातं काही नाही. स्पार्टाकच्या राखीव टीममधून आला आणि पुढे कितीतरी वर्षं स्पार्टाकचं मधलं अंगण त्याचंच होतं. १९९६ ला स्पार्टाकने बरेच मोठे खेळाडू गमावले, कोच रोमान्त्सेव नॅशनल टीम सांभाळत होता, म्हणून गेओर्गी यार्त्सेवच्या हातात टीम दिली, आणि त्याने अशीच कोवळी पोरं उतरवली. लोक म्हणाले ही बालवाडी आहे. सीझनच्या शेवटी स्पार्टाक आणि व्लादिकावकाझची अलानिया, आदल्या वर्षीची चॅम्पियन, दोघांचे पॉइंट सारखे, म्हणून सेंट पीटर्सबर्गला एक जादा मॅच ठेवली. बालवाडी २-१ ने जिंकली. झालं, लेक्चर संपलं.

प्रश्न (वास्को): सगळ्याच रशियन क्लबांना हे नावापुढे ‘२’ का लावायचं सुचतं? चांगलं नाव ठेवता येत नाही?

उत्तर: लोकोमोटिव मॉस्कोने ठेवलं की. रेल्वेवाल्यांचा क्लब, सुरुवातीच्या काळात त्याचं नाव होतं कझान्का, मॉस्को-कझान रेल्वेवरून. २०१७ ला दुसरी टीम नव्याने उभी केली तेव्हा तिला ते आजोबांचं नाव दिलं, लोकोमोटिव-कझान्का. नातवाला आजोबांचं नाव, अगदी आपल्यासारखंच. वास्कोकरांना रेल्वे आणि फुटबॉल दोन्ही कळतं, म्हणून तुम्हाला हे आवडेल.

प्रश्न (कुडचडे): माझा मुलगा १७ वर्षांचा, एका क्लबच्या ‘बी’ टीममध्ये आहे, नाव लिहीत नाही. दीड वर्ष झालं. विचारलं की ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच सांगतात. तुमचं हे रशियाचं पुराण वाचायला बरं, पण मी त्याला तिथे ठेवू की काढू?

उत्तर: पुराण म्हणालात ते मान्य. तुमच्या प्रश्नाचं हो-नाही उत्तर इथे बसून देणं म्हणजे बाजारात मासा न बघता ताजा म्हणण्यासारखं, पण चार गोष्टी विचारून या, तोंडावर विचारा, फोनवर नको.

पहिलं, गेल्या दोन वर्षांत बी टीममधून मेन टीममध्ये किती पोरं गेली, आणि गेली म्हणजे बेंचवर नव्हे, मैदानात. नावं मागा. नावं पटकन आली तर ठीक, ‘खूप गेलीत’ असं म्हणाले तर समजून जा. दुसरं, मेन टीमचा कोच बी टीमची मॅच बघायला स्वतः येतो का. त्या जुन्या सोव्हिएत पद्धतीत हीच एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते, दोन्ही टीम एकाच टाइमटेबलवर, आदल्या दिवशी दुब्ल खेळला की मोठा कोच तिथेच, मग दुसऱ्या दिवशी कुणाला घ्यायचं ते डोळ्यांनी बघून ठरवायचा. कागदावर बी टीम सगळ्यांकडे असते हो, बघणारा माणूस नसतो. तिसरं, मुलगा महिन्याला किती मिनिटं खेळतो, प्रॅक्टिस नाही, मॅच. १७ व्या वर्षी नव्वद मिनिटं इंटर-व्हिलेजला शेतात खेळलेली बरी, बी टीमच्या बेंचवर नवे बूट घालून बसण्यापेक्षा, हे माझं मत, क्लबवाल्यांना पटणार नाही.

चौथी गोष्ट मुलाला विचारायची, क्लबला नाही. मॅच नसलेल्या दिवशी तो काय करतो? तो स्वतःहून बॉल घेऊन बाहेर जात असेल तर अजून सहा महिने द्या.

आणि त्याची पुढची मॅच कुठे आणि कधी आहे ते कळवा. कुडचडे काही व्लादिवोस्तोक नाही, मी येतो बघायला.